गेमिंग पीसीत रॅम वाढवताय? आधी बोर्ड वाचा, मग दुकानात जा

गेल्या चवथीच्या आधी डिचोलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, नवीन रॅम घातली, लायटी एकदम मस्त पेटतात, पण स्पीड काही वाढला नाही आणि कूलरचा फॅन आता वाकडा बसतोय." जाऊन बघितलं तर पठ्ठ्याने ३६०० स्पीडची आरजीबी (रंगीत लायटींची) किट, म्हणजे दोन स्टिकची जोडी, आणलेली आणि पीसीत एच४१० मदरबोर्डवर आय५-१०४०० प्रोसेसर. या जोडीवर रॅम २६६६ च्या वर जातच नाही, वर सोन्याची स्टिक घातली तरी. म्हणजे जास्तीचे पैसे गेले ते फक्त लायटीला, आणि उंच हीटसिंक (स्टिकवरचं उष्णता घालवणारं धातूचं कवच) कूलरला अडला तो वेगळाच.

त्याचा दोष नाही. दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो "किती जीबी पाहिजे?" आणि आपण उत्तर देऊन मोकळे होतो. खरंतर जीबी हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. वर २०२५ च्या शेवटापासून रॅमच्या किमती अशा चढल्यात की चुकीची स्टिक आणणं आता परवडत नाही. तर खाली जी ऑर्डर दिलीय ती तशीच धरा, मधली पायरी उडवून पुढे गेलात की नेमकं तिथेच अडकणार.

पायरी १ : रॅम कमी पडतेय का ते आधी बघा

गेम अडखळतोय म्हणजे रॅम कमी, असं नसतं. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल, गेम हार्ड डिस्कवर असेल, प्रोसेसर तापून स्पीड कमी करत असेल (आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे फार होतं), कारणं पुष्कळ. तुम्ही जसं नेहमी खेळता तसंच खेळा, म्हणजे मागे ब्राउझर, डिस्कॉर्ड सगळं चालू ठेवून, आणि अर्ध्या तासाने टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. ८५-९० टक्क्यांच्या वर गेलीय, गेममध्ये नवीन भाग लोड होताना झटका बसतो आणि त्याच वेळी डिस्कचा वापर उसळी मारतो, तर हो, रॅम कमी आहे. १६ पैकी १० जीबीच वापरात असेल तर ३२ करून फ्रेम वाढणार नाहीत. पैसे ग्राफिक्स कार्डसाठी साठवा.

याला एक अपवाद. १६ जीबीची एकच स्टिक लावलेली असेल तर रॅम भरली नसली तरी गेम मार खातो, कारण सिंगल चॅनल, म्हणजे डेटा एकाच वाटेने जातो; दोन स्टिक असल्या की दोन वाटा, ते ड्युअल चॅनल. आणि एएमडीच्या रायझन ५६००जी सारखा प्रोसेसर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालवत असाल तर फारच, कारण त्यातलं ग्राफिक्स मेन रॅमच वापरतं. याबद्दल पायरी ४ मध्ये.

पायरी २ : पीसीची कुंडली कागदावर उतरवा

सीपीयू-झी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, त्यातून पुढच्या गोष्टी लिहून काढा. मोबाईलवर फोटो काढलात तरी चालेल, पण लक्षात ठेवीन म्हणू नका, दुकानात गेल्यावर बी४५० होतं की बी४६० होतं हे कुणालाच आठवत नाही आणि त्या एका अंकाने एएमडीचा बोर्ड इंटेलचा होतो.

- मदरबोर्डचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसकट. शेवटी डी४ आहे, वायफाय आहे, एम आहे, सगळं. रिव्हिजन नंबर असेल तर तोही, तो बहुतेक बोर्डवरच छापलेला असतो.
- प्रोसेसरचं पूर्ण नाव. "आय५" हे नाव नव्हे, आडनाव झालं. आय५-३४७० ला डीडीआर३ लागते आणि आय५-१०४०० ला डीडीआर४ (या रॅमच्या पिढ्या, पायरी ३ बघा).
- आत्ता किती स्टिक आहेत, कुठल्या स्लॉटमध्ये, प्रत्येकीचा पार्ट नंबर. हे एसपीडी नावाच्या टॅबमध्ये दिसतं.
- बायोसचं (बोर्डमधलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) व्हर्जन.
- एकूण स्लॉट किती. यासाठी केस उघडून डोळ्यांनीच बघा.

तपासा: सीपीयू-झीच्या मेमरी टॅबमध्ये फ्रिक्वेन्सी १६०० च्या आसपास दिसली म्हणून घाबरू नका. डीडीआर म्हणजे डबल, एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, म्हणून १६०० दिसलं की ती ३२०० ची रॅम. पाकिटावर ३२०० मेगाहर्ट्झ लिहितात ते खरं म्हणजे एमटी/एस असतं, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा जातो ते. दुकानदार फसवतोय असं समजून भांडायला गेलेला माणूस मी पाहिलाय.

पायरी ३ : पिढी ठरवा, इथे तडजोड नाही

डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५, यातली एकच तुमच्या बोर्डला चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीला २८८ पिना असतात, लांबी सारखी, त्यामुळे हातात घेतली तर सारखीच वाटते, पण मधली खाच थोडी सरकलेली असते. बसत नाही म्हणून जोर लावलात तर स्लॉट गेला, आणि स्लॉट गेला म्हणजे बोर्ड गेला.

मोटामोटी असं धरा:

- इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीला डीडीआर३. या बोर्डवर एका स्टिकला ८ जीबीची मर्यादा, आणि एच६१ सारख्या दोन स्लॉटवाल्यावर एकूण १६. यात पैसे घालायच्या आधी दहादा विचार करा.
- इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीला साधारण डीडीआर४. सहाव्या-सातव्यात काही डीडीआर३ वाले बोर्ड निघालेत, म्हणून बघूनच घ्या.
- इंटेल १२, १३, १४ वी पिढी, इथेच सगळे चुकतात. प्रोसेसरला दोन्ही चालतात पण बोर्डला एकच. एकाच नावाचे दोन बोर्ड, एक डी४ वाला आणि एक डी५ वाला. प्रोसेसर सांगून रॅम मागू नका.
- रायझनचा एएम४ सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) म्हणजे डीडीआर४. एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५.
- इंटेलच्या नव्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरला फक्त डीडीआर५.

थांबा: ऑनलाईन फारच स्वस्त रॅम दिसली तर नावात दोन शब्द शोधा. एक "रजिस्टर्ड" किंवा "आरडीआयएमएम", ही सर्व्हरची रॅम, आपल्या साध्या बोर्डवर चालत नाही. दुसरा "एसओ-डीआयएमएम", ही लॅपटॉपची, लांबीला जवळपास निम्मी. डेस्कटॉपला पाहिजे ती यूडीआयएमएम. जुन्या डीडीआर३ मध्ये "फक्त एएमडीसाठी" असं लिहिलेल्या स्वस्त स्टिक मिळतात, त्या इंटेलच्या बोर्डवर उठत नाहीत.

पायरी ४ : किती जीबी, आणि किती स्टिकमध्ये

फक्त व्हॅलोरंटसारखे गेम खेळत असाल तर १६ भरपूर. आत्ताचे मोठे गेम, सोबत ब्राउझरचे वीस टॅब, तर ३२ निवांत. मायक्रोसॉफ्ट फ्लाईट सिम्युलेटर २०२४ ला कंपनीच ३२ रेकमेंड करते. ६४ गेमिंगसाठी लागत नाही, व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर वेगळं.

आता स्टिकचं. १६ पाहिजे तर ८ च्या दोन. ३२ पाहिजे तर १६ च्या दोन. एकच मोठी स्टिक घेऊन "दुसरी नंतर घालू" हा आपल्याकडचा लाडका प्लॅन, पण नंतर कधी येतच नाही, आणि आली तरी तोवर त्याच नावाच्या स्टिकमध्ये आतली चिप बदललेली असते. कंपनी तेच नाव, तोच बॉक्स ठेवून चिप बदलते, यात काही चोरी नाही, पण तुमच्या जुन्या स्टिकशी तिचं पटेलच असं नाही. किट म्हणून विकलेल्या दोन स्टिक एकत्र टेस्ट केलेल्या असतात, सुट्या दोन घेतल्या की ती जबाबदारी तुमची.

जुनी ८ ची एक आहे आणि त्यात १६ ची एक घातली तर? चालतं बऱ्याचदा. ८ अधिक ८ ड्युअल चॅनलमध्ये चालतात आणि उरलेले ८ सिंगलमध्ये. तंगी असेल तर करा, पण मग दोन्ही स्टिक हळू असेल तिच्या स्पीडला चालणार आणि एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या स्पीडला चालवणारं बायोसमधलं सेटिंग) लागलं नाही तर मला फोन करू नका.

चारही स्लॉट भरायचा मोह डीडीआर४ वर एकवेळ चालतो. डीडीआर५ वर अजिबात नको. रायझन ७००० मालिकेला दोन स्टिकवर ऑफिशियल स्पीड ५२०० आहे आणि चार घातल्या की ३६०० वर येतो. जास्त रॅम घातली आणि पीसी हळू झाला म्हणून डोकं धरून बसलेले लोक आहेत, ते हेच. दोन मोठ्या घ्या, जुन्या दोन काढून विका.

डीडीआर५ मध्ये अजून एक खाचखळगा आहे तो म्हणजे ८ जीबीची स्टिक. तिच्यात चिपची मांडणीच अशी असते की १६ च्या स्टिकपेक्षा ती थोडी मंद. म्हणून डीडीआर५ बोर्डवर सुरुवातच १६ च्या दोनने करा.

पायरी ५ : स्पीड, म्हणजे तिघांत जो सगळ्यात हळू तो ठरवणार

भाचा नेमका इथे आपटला. रॅमचा स्पीड तीन गोष्टींवर ठरतो: रॅम, प्रोसेसर आणि बोर्डचा चिपसेट (बोर्डवरची मुख्य चिप, एच४१०, बी४५० ही तिचीच नावं). सावर्डेच्या रस्त्याला पुढे खनिजाचा ट्रक असला की मागच्याकडे कुठलीही गाडी असो, सगळे ट्रकच्या स्पीडने, तसंच हे.

इंटेलच्या स्वस्त चिपसेटवर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ऑफिशियल स्पीडच्या वर चालवता येत नाही. एच३१०, बी३६०, बी३६५, एच४१०, बी४६०, एच५१०, एच६१० हे सगळे त्यात आले. यांच्यावर प्रोसेसरचा जो ऑफिशियल स्पीड असेल तोच छप्पर. आय५-१०४०० चा आहे २६६६, विषय संपला. काही बोर्डच्या बायोसमध्ये एक्सएमपीचा ऑप्शन दिसतो सुद्धा, लावताही येतो, पण स्पीड त्या छपरालाच टेकतो. बी५६० पासून पुढच्या बी मालिकेत आणि झेड मालिकेत ही अडचण नाही.

मग अशा बोर्डवर २६६६ चीच रॅम शोधायची का? नाही, ३२०० ची घेतलीत तर ती खाली उतरून चालते आणि बाजारात तीच सहज मिळते. फक्त ३६०० ला जास्तीचे पैसे मोजू नका.

रायझन ३००० आणि ५००० वर ३६०० हा आकडा चांगला, कारण तिथपर्यंत प्रोसेसरच्या आतला फॅब्रिक क्लॉक (आतले भाग जोडणाऱ्या वाटेचा ठोका) रॅमबरोबर एकास एक चालतो. त्याच्या पुढे ४००० वगैरे घातली की बहुतेक वेळा हे गुणोत्तर तुटतं आणि आकडा मोठा दिसूनही गेम मागे पडतो. ३२०० घेतलीत तरी फरक फार नाही, किमतीत अंतर असेल तर ३२०० च घ्या. रायझन २००० वाल्यांनी ३२०० च्या वर जाऊच नये, तिथला मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) नाजूक, त्याचा ऑफिशियल आकडा २९३३.

एएम५ वर ६००० सीएल३० (सीएल म्हणजे काय ते पायरी ६ मध्ये) हे सगळ्यांचं ठरलेलं उत्तर आहे आणि एकदाचं ते बरोबरही आहे.

इंटेल १२ वी पिढी किंवा पुढचा, नावात के नसलेला प्रोसेसर आणि डीडीआर४ बोर्ड असेल तर ३२०० वर थांबा. के नसलेल्यात मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज लॉक असतं, ३६०० कुणाचं चालतं कुणाचं नाही, नशिबावर पैसे लावू नका.

तपासा: कागदावर तीन आकडे लिहा, प्रोसेसरचा ऑफिशियल, बोर्डच्या साईटवरचा, आणि घ्यायच्या किटचा. तीन आकड्यांत कोणता सगळ्यात लहान आणि तो का, हे स्वतःला सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी ६ : टायमिंग आणि व्होल्टेज

सीएल१६, सीएल१८, सीएल२२ असे आकडे असतात, मागितलेला डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते ते. एकटा सीएल बघून काही कळत नाही, साधा हिशोब करा: सीएल गुणिले २०००, भागिले स्पीड. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल१८ पण १० च. ३२०० सीएल२२ मात्र १३.७५. ही शेवटची बिना हीटसिंकची साधी हिरवी स्टिक, ऑफिसच्या पीसीत असते ती, १.२ व्होल्टवर चालते आणि एक्सएमपी नसतं. चालेल, पण गेमिंगची म्हणून त्याच भावात विकत असतील तर घेऊ नका. डीडीआर५ ला ६००० सीएल३० म्हणजे परत १०, आणि सीएल३६ म्हणजे १२.

व्होल्टेजचं एवढंच, की डीडीआर४ च्या एक्सएमपी किट साधारण १.३५ व्होल्टच्या असतात. जुन्या स्टिक १.२ च्या आणि नव्या १.३५ च्या अशी भेसळ केली की पीसी कधी उठतो, कधी उठत नाही.

पायरी ७ : बोर्डची क्यूव्हीएल यादी

बोर्डच्या कंपनीच्या साईटवर तुमचं मॉडेल उघडा, सपोर्टमध्ये मेमरीची यादी मिळेल, तिला क्यूव्हीएल म्हणतात. यात कंपनीने स्वतः लावून बघितलेल्या रॅमचे पार्ट नंबर असतात. प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे वेगवेगळ्या याद्या असतात, आपलीच उघडा. नाव नाही, पार्ट नंबर जुळवा, शेवटच्या अक्षरासकट.

यादीत नाही म्हणजे चालणार नाही असं मात्र नाही. बोर्ड निघाला तेव्हा जी रॅम बाजारात होती तीच यादीत असते. उलट बाजूने रॅम कंपनीच्या साईटवर आपला बोर्ड टाकून बघा. दोन्हीकडे नसेल आणि दुकानदार "चालेल रे, काय होत नाय" म्हणत असेल तर बदलून देणार का ते बिल करायच्या आधी विचारा.

पायरी ८ : पट्टी घ्या आणि उंची मोजा

हसू नका. मोठा टॉवर कूलर असेल तर त्याचा फॅन पहिल्या एक-दोन स्लॉटच्या डोक्यावर येतो. स्लॉटच्या खालच्या पातळीपासून फॅनच्या खालच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर मोकळे आहेत ते मोजा. बिनलायटीच्या बुटक्या स्टिक ३०-३५ मिमीच्या असतात, आरजीबीवाल्या ४० च्या वर जातात. फॅन क्लिपवर थोडा वर सरकवता येतो, पण मग केसचं झाकण बंद होतं का ते बघा. भाच्याचा फॅन सरकवला तर काच बसेना.

पायरी ९ : खरेदी

म्हापसा, पणजी, मडगावला स्टॉकमध्ये मोजक्याच किट असतात, बाकी मागवून देतात. मागवायचीच असेल तर पार्ट नंबर लिहून द्या, "३२ जीबी डीडीआर५" असं तोंडी नको. बिल जीएसटीचं, त्यावर दोन्ही स्टिकचे सिरियल नंबर. बिल नको म्हणालात की १८ टक्के वाचले असं वाटतं, वॉरंटीला गेल्यावर ते कसे वाचले ते कळतं.

सेकंडहँड घेताय तर विकणाऱ्याच्या पीसीवर चालू करून सीपीयू-झीच्या एसपीडी टॅबमधला पार्ट नंबर स्टिकरशी ताडून बघा. हीटसिंक एका कंपनीचा आणि आतली स्टिक भलतीच, हा प्रकार आहे. आणि किनाऱ्याजवळच्या घरातला माल असेल, कळंगुट, बागा, कोलवा, तर सोनेरी पिना टॉर्च मारून बघा. खारी हवा लागून काळे-हिरवे ठिपके आलेले असतील तर सोडून द्या.

पायरी १० : बायोस अपडेट जुन्या रॅमवरच

ही ऑर्डर उलटी करणारे सगळ्यात जास्त रडतात. नवीन रॅम घातली, उठली नाही, आता बायोस अपडेट करायचं कशावर? म्हणून पीसी जुन्या रॅमवर धडधाकट चालतोय तेव्हाच बायोस नवीन करा. डीडीआर५ ला तर हमखास, २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक जुन्या बायोसला ओळखूच येत नाहीत.

थांबा: दोन गोष्टी. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा, बायोस बदलल्यावर ती मागू शकते. आणि जून-जुलैत ढगांचा गडगडाट चालू असताना यूपीएस नसेल तर बायोसला हात लावू नका. घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा नको, तो चालू होईपर्यंतच्या क्षणात पीसी रिस्टार्ट होतो, आणि बायोस अर्धवट लिहिला गेला तर पुढे रॅमची चिंता राहत नाही.

पायरी ११ : बसवणं

१. पीसी बंद, पॉवर सप्लायचं बटन बंद, वायर काढा. मग केसचं पॉवर बटन पाच-दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत उरलेला करंट जातो.

२. केसच्या बिनरंगाच्या धातूला हात लावा. पावसात स्टॅटिकची (अंगावर साठणाऱ्या विजेची) भीती कमी, पण एसीच्या खोलीत असतेच. घामेजलेले हात मात्र पुसा, पिनांना बोट लावू नका, स्टिक कडेने धरा.

३. जुनी स्टिक काढायच्या आधी फोटो. काही बोर्डला दोन्ही बाजूंना क्लिप असते, काहींना एकाच बाजूला, दुसरी बाजू फिक्स. फिक्स बाजू उचकटायला जाऊ नका.

४. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बोर्डवर बारीक अक्षरात ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्यात शेजारी-शेजारी घातल्या तर बहुतेक बोर्डवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि दोन स्टिकचे पैसे देऊन सिंगल चॅनल चालवत बसता.

५. खाच जुळवा, सरळ ठेवा, दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा. टक् आवाज यायला पाहिजे. वाटतो त्यापेक्षा जोर जास्त लागतो, पण आधी खाच नक्की जुळलीय ना ते बघा.

तपासा: स्टिक आडव्या रेषेत आहे का ते बाजूने डोळा लावून बघा. एक टोक मिलिमीटरभर वर राहिलं तरी डिस्प्ले येत नाही, आणि "रॅम खराब आहे" म्हणून परत नेलेल्या स्टिकांत हा प्रकार फार.

पायरी १२ : पहिला बूट, आणि थोडा धीर

मडगावच्या मित्राचा एएम५ पीसी जोडत होतो. बटन दाबलं, फॅन फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी म्हटलं गेलं काहीतरी, आणि मागचं बटन बंद केलं. परत चालू, परत काळी, परत बंद. असं तीनदा. चौथ्यांदा त्याच्या आईने चहा आणला म्हणून आम्ही उठलो, परत येतो तर बायोसची स्क्रीन समोर. डीडीआर५ ला पहिल्यांदा बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, स्टिकबरोबर टायमिंग जुळवून बघत असतो, त्याला काही मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी. आम्ही दरवेळी ते मध्येच तोडत होतो. बोर्डवर डीरॅम लिहिलेला छोटा दिवा पेटलेला असला तरी किमान दहा-पंधरा मिनिटं हात बांधून बसा.

उठला की बायोसमध्ये आधी एकूण जीबी आणि दोन्ही स्लॉट दिसतात का बघा. लगेच एक्सएमपी लावू नका. एकदा साध्या स्पीडला विंडोजपर्यंत जाऊन या, मग परत बायोस. इंटेलवर एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ ला एक्सपो, काही बोर्डवर डीओसीपी नाव असतं. प्रोफाइल निवडा, सेव्ह, रिस्टार्ट. हे न केल्यामुळे ६००० ची रॅम वर्षभर ४८०० ला चालवणारे कितीतरी आहेत. आणि बायोस अपडेट केला की हे सेटिंग पुसलं जातं, परत लावायचं.

विंडोजमध्ये १६ पैकी १५.४ जीबीच वापरता येतात असं दिसलं तर घाबरू नका, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स थोडी राखून ठेवतं. पण अर्धीच रॅम दिसत असेल तर स्टिक नीट बसलेली नाही किंवा एमएसकॉन्फिगच्या बूट सेटिंगमध्ये कुणीतरी कमाल मेमरीला टिक मारून ठेवलीय.

पायरी १३ : टेस्ट, परतीची मुदत संपायच्या आधी

मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घाला, त्यावरून बूट करा, एक्सएमपी चालू ठेवूनच. फुकटच्या व्हर्जनमध्ये चार फेऱ्या होतात. ३२ जीबीला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. एक एरर आली तरी नापास, "एकच तर आहे" असं रॅममध्ये नसतं. एरर आली तर एक्सएमपी काढून परत टेस्ट. तेव्हा पास झाली तर स्पीड एक पायरी खाली आणून बघा, साध्या स्पीडलाही नापास तर एकेक स्टिक वेगळी लावून कुठली खराब ते शोधा आणि किट पूर्ण परत करा, एकच नाही.

डिस्प्लेच आला नाही तर

या क्रमाने जा. वायर काढून दोन्ही स्टिक काढून परत बसवा. मग एकच स्टिक ए२ मध्ये. मग दुसरी स्टिक ए२ मध्ये. मग सीमॉस क्लिअर (बायोसची सेटिंगं पुसून मूळची आणणं), म्हणजे बोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटांनी घाला. मग जुनी रॅम घालून बघा. जुनीवर उठला तर बोर्ड ठीक आहे.

जुन्या पीसीत स्लॉटलाच पावसाळा लागलेला असतो. पिना साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरवाल्याकडे मिळतं, बिनधाग्याच्या कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबर चालतो असं सगळे सांगतात, अगदीच नाइलाज असेल तर मऊ पांढरा, आणि चुरा झटकून. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात. कोलिन, पेट्रोल, डब्ल्यूडी-४० वगैरे प्रयोग नकोत.

काढलेल्या स्टिक अँटी-स्टॅटिक पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी, वर पार्ट नंबर लिहून ठेवा. कुणाच्या तरी उपयोगी पडतात. भाच्याला मी माझी जुनी ३२०० ची बुटकी जोडी दिली, ती त्याच्याकडे २६६६ ला निमूट चालतेय आणि काचही बसली. त्याची ३६०० वाली किट माझ्या बी४५० बोर्डवर पूर्ण स्पीडला. लायटी तेवढ्या बंद केल्यात.